बरा हाय म्हणजे चार

"काका, बसा. रिस्पॉन्डंटनी अ‍ॅनालिसिस करायचं नसतं."

सर हे हसत म्हणाले. हॉलमधले बाकीचेही हसले. मोठ्याने नाही. शिकलेली माणसं हसतात तसे, ओठ मिटून, खुर्चीत जरा मागे रेलून. मी उभा होतो. साठी कधीच उलटून गेलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. ओळखपत्रावर माझं नाव आणि नावाखाली छापलेलं, पीएच. डी. संशोधक.

मी बसलो.

सर काय म्हणाले ते लोकांना सांगणं सोपं आहे. ऐकणारा लगेच माझ्या बाजूने होतो. मी बसलो, हे सांगायला मला इतके दिवस लागले.

पनवेलमधली व्यवस्थापन शिकवणारी संस्था. नाव लिहीत नाही, ते वेगळ्या ठिकाणी लिहून देणार आहे. सेमिनार हॉल थंडगार. पडद्यावर मृण्मयीचं सादरीकरण चालू होतं. मृण्मयी माझ्यासारखीच सरांची विद्यार्थिनी, माझ्या मुलीपेक्षा लहान. पडद्यावर वाक्यं होती ती मी गोळा केलेली, कंटेनर यार्डातल्या कंत्राटी कामगारांच्या तोंडची. कुणाचं वाक्य कुठे बसून ऐकलं तेही मला आठवत होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मुलाखती : स्थानिक साहाय्यक. म्हणजे मी.

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी विचारलं की हे 'बरा हाय' जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात येतंय, त्याचा अर्थ नेमका काय घेतलाय? मृण्मयीने सरांकडे पाहिलं. सरांनी सांगितलं, बोलीभाषेत समाधान असं व्यक्त होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "मॅडम, तसं नाहीये ते." एवढंच. त्यावर सर जे म्हणाले ते वर लिहिलं आहे. रिस्पॉन्डंट म्हणजे ज्याची मुलाखत घेतात तो.

त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी जासईच्या अंगाला असलेल्या गावातला. आमचं घर आगऱ्याचं. आईबाप दोघंही मिठागरात राबले. मिठागर शेठचं होतं, आमचा होता शेताचा एक तुकडा. तो बंदर बांधायच्या वेळी सरकारने घेतला. जिथे मिठाचे ढीग असायचे तिथे कंटेनर रचले गेले आणि मी तिथल्याच एका यार्डात कारकून म्हणून चिकटलो. गावातला मॅट्रिक झालेला पोरगा म्हणून घेतलं. पनवेलच्या हायस्कुलात शिकायला होतो तेव्हा मास्तर मला बाकावर उभं करून म्हणायला लावायचे, नाय नव्हे, नाही. हाय नव्हे, आहे. पोरं हसायची. मी शिकलो. इतकं चांगलं शिकलो की पुढे घरात आईशी बोलतानाही माझ्या तोंडून 'नाही' निघायला लागलं, आणि आई गप्प व्हायची.

यार्डात चढत चढत मी कार्मिक अधिकारी झालो. हजेरी, रजा, भांडणं, अपघात. नोकरी करत संध्याकाळचे वर्ग करून एमबीए केलं. निवृत्त झालो तेव्हा नवीन पनवेलमध्ये फ्लॅट होता, मुलगी सासरी सुखात होती, आणि एक प्रश्न डोक्यात होता. इतकी वर्षं मी पाहिलं होतं, कायम कामगार कॅन्टीनच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी युनियनकडे जातो. कंत्राटी कामगाराच्या पायावर पेटी पडली तरी तो लंगडत घरी जातो. तो तक्रार का करत नाही? भीती, हे उत्तर कुणीही देईल. मला त्याच्या आतलं बघायचं होतं. म्हणून या वयात पीएच. डी.ला नाव घातलं. बायको म्हणाली, लोक या वयात नातवंडं सांभाळतात. मी तिला म्हणालो, तू सांभाळ, मला शिकू दे.

सर माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. पुण्याचे. घरात आजोबांपासून प्राध्यापक. त्यांच्या बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी मी विषय लिहून आणलेलं पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तक्रार न करणं मोजता येत नाही, काका. समाधान मोजता येतं." माझा विषय त्या दिवशी बदलला. 'कंत्राटी कामगार तक्रार का करत नाहीत' याचं झालं 'कंत्राटी कामगारांचं कार्यसमाधान'. मला वाटलं, हे शास्त्र आहे. असंच असेल.

आणि काका. मृण्मयीला ते मृण्मयी म्हणत. एक बँकेतले गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, त्यांना आडनाव लावून साहेब म्हणत. मी पहिल्या दिवसापासून काका. मला ती माया वाटली. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलंही.

खोटं कशाला बोलू, ते पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं. सर शिकवत उत्तम. प्रश्न असा विचारायचा की उत्तर त्यात आधीच लपलेलं नको. विचारल्यावर गप्प बसायचं, समोरच्याची शांतता आपण भरून काढायची नाही. माणूस बोलला तो शब्द लिहायचा, आपल्याला सुचलेला नाही. एकाच मुलाखतीचा अर्थ दोन जणांनी वेगवेगळे बसून लावायचा, मग ताडून बघायचं, आणि जिथे जुळत नाही तिथे 'जुळत नाही' असं प्रामाणिकपणे लिहायचं. मी कार्मिक अधिकारी म्हणून आयुष्यभर माणसांना प्रश्न विचारले होते. सगळे चुकीचे विचारले होते हे मला तेव्हा कळलं. इंग्रजी लेख वाचायला मला अख्खी दुपार लागायची. मुलीची शाळेतली डिक्शनरी जवळ घेऊन बसायचो. आकडेवारीचं सॉफ्टवेअर मृण्मयीने शिकवलं, न कंटाळता. ती पोरगी वाईट नाही, हे लिहून ठेवतो.

मग फील्ड. हा शब्द मला आवडायचा. माझ्यासाठी फील्ड म्हणजे माझंच गाव.

सर पहिल्या दिवशी सोबत आले. त्यांची गाडी यार्डाच्या गेटमधून सरळ आत गेली. कुणी अडवलं नाही. मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. त्या गेटच्या आत मी नोकरी केली होती, बाहेरच्या माणसाला तिथे किती वेळ उभं करतात ते मला ठाऊक होतं. पण मी सरांच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. ताठ.

हिरामण माझ्या वर्गातला, लहानपणी खाडीच्या चिखलात माझ्याबरोबर निवट्या मासे पकडलेला. त्याची शाळा मध्येच सुटली. त्याचं शेत गेलं, पैसा आला तसा गेला. या वयातही तो ठेकेदाराच्या माणसांबरोबर कंटेनर रिकामे करायला जातो. त्याला मी विचारलं, कामाच्या ठिकाणच्या सोयींबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? मी त्याला 'तुम्ही' म्हटलं. प्रश्नावलीत तसं होतं. हिरामणने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं.

"बरा हाय," तो म्हणाला.

पुढचा प्रश्न. बरा हाय. त्याच्यानंतरचा माणूस. बरा हाय. बायका. बरा हाय.

आमच्याकडे हे कुणाला म्हणतात ते सांगतो. मिठागरावर शेठचा मुनीम फिरायला यायचा. आईला विचारायचा, काय, ठीक चाललंय ना? आई फावडं न थांबवता म्हणायची, बरा हाय. मुनीम पुढे जायचा. तो बांधापलीकडे गेला की ती बापाशी बोलायची. तळपाय खाऱ्या पाण्याने कसे फाटलेत, मापात कसं मारलंय, मुनिमाची नजर कशी आहे. घरच्या माणसाला आम्ही 'बरा हाय' म्हणत नाही. घरच्या माणसाने विचारलं की गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं निघतं, अर्धा दिवस जातो. 'बरा हाय' परक्यासाठी असतं. विचारलंस, ऐकलंस, आता नीघ. शहरातली माणसं फोन ठेवताना 'बरं आहे' म्हणतातच की. तेव्हा त्यांचं समाधान कोणी मोजत नाही.

सरांनी गाडीतच ठरवून टाकलं. प्रश्नावलीत एक ते पाच असे आकडे होते. एक म्हणजे अजिबात समाधानी नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. माणसं आकडा सांगत नव्हती, बोलत होती. बोलण्याचा आकडा मी करायचा होता. सर म्हणाले, बरा हाय म्हणजे चार.

मी म्हणालो, सर, हे चार नाही. मी मुनिमाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, छान आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "हा तुमचा बायस आहे, काका. तुम्ही त्यांच्यातले आहात ना. देवळात जाताना चपला बाहेर ठेवतो तसा बायस बाहेर ठेवायचा."

बायस म्हणजे पूर्वग्रह. मी ज्यांच्यात जन्मलो त्यांची भाषा मला येत होती, तिला सरांनी ते नाव दिलं. आणि मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला ते पटायला हवं होतं. मला डॉक्टर व्हायचं होतं. नावाआधी ते अक्षर लागल्यावर हायस्कुलातल्या त्या बाकावरून मी खाली उतरणार होतो. म्हणून घरी कॉम्प्युटरसमोर बसून मी एकेकाचं 'बरा हाय' वाचलं आणि त्याच्यापुढे चार लिहिलं. हिरामण, चार. त्याच्या पुढचा, चार. पहिल्या काहींना हात अडखळला. नंतर नाही.

चांगुणापाशी अडखळला.

चांगुणा माझी चुलत बहीण. विधवा. यार्डात झाडलोट करते. मला दादूस म्हणते, आमच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं. तिची मुलाखत घ्यायला मी एकटाच तिच्या ओट्यावर गेलो होतो. प्रश्नावली संपेपर्यंत तिने सगळ्याला 'बरा हाय' म्हटलं. मी कागद मिटल्यावर ती म्हणाली, "पेन ठेवलास का दादूस? आता ऐक." मग ती बोलली. बायकांना तिथे संडास नाही. जो आहे त्याला कुलूप असतं, चावी ऑफिसात. "आमी बाया पानी पीत नाय तिथं. पिला तर जायाचा कुठं?" लघवीला जळजळ होते, ताप येतो, तरी कामावर जातात. एक जण ट्रेलरच्या आडोशाला गेली तर ड्रायव्हरने मोबाइल काढला. चांगुणा हे रडत सांगत नव्हती. बाजारभाव सांगावा तशी सांगत होती. शेवटी म्हणाली, "हे लिवू नको हां. माजा नाव लागला तर उद्या काढून टाकतील. तू घरचा हायस म्हनून बोलले."

मी लिहिलं नाही. तिने सांगितलं होतं. पण सरांना विचारलं, नाव न घेता हे कुठे घालता येईल? सर म्हणाले, पेन खाली ठेवल्यानंतरचं बोलणं डेटा होत नाही. नियम आहे.

नियम मी पाळला. चांगुणाच्या नावापुढे सोयींच्या रकान्यात चार लिहिलं. रिकामा ठेवता आला असता. तो रकाना रिकामा ठेवायला मला कुणी बंदी केली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गावात हिरामणच्या धाकट्या पोराची हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडव, बॅन्जो, मटणाच्या वासाने भरलेली आळी. मी ओळखपत्र घातलं नव्हतं, खिशाला पेन नव्हतं. गावचा माणूस म्हणून गेलो होतो. सगळे खाली सतरंजीवर बसले होते. मी बसायला वाकलो तर हिरामण आला, कुणाला तरी हाक मारून खुर्ची मागवली आणि मला म्हणाला, "बसा तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा तो मला 'तुमी' म्हणाला.

मी हसत विचारलं, काय रे, कसा आहेस?

"बरा हाय," हिरामण म्हणाला.

शेजारी बसलेला एक जण ताटातून मान वर न करता म्हणाला, "सायेब, हलदीला किती मार्क देनार? चार का पाच?" आजूबाजूचे हसले. मला काही कळेना. मग हिरामणनेच सांगितलं. बायकांच्या संडासासाठी आणि कायम करण्यासाठी कामगारांनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज केला होता. यार्डाच्या साहेबाने त्यांना बोलावून एक जाड अहवाल दाखवला. व्यवस्थापनाच्या संस्थेने केलेला शास्त्रीय अभ्यास. कामगार सोयींबद्दल समाधानी आहेत. तोच अहवाल त्यांनी कार्यालयातही दिला.

"सायेब बोलला, तुमच्याच गावच्या मानसानी लिवलाय. तुमी खूश हाव." हिरामण माझ्याकडे बघत नव्हता. मांडवातल्या पोरांच्या नाचाकडे बघत होता. "आमी बोललो, असंल. शिकलेला हाय तो. आमालाच म्हाईत नव्हता आमी खूश हाव."

मी तिथून जेवून निघालो. न जेवता उठणं अपमान झाला असता, आणि तो करायचा हक्क मला राहिला नव्हता. चांगुणा पंगतीत वाढत होती. माझ्या ताटात तिने वाढलं आणि पुढच्या ताटाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. मला वाटलं ते नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही. यार्डाने संस्थेला काम दिलं होतं, सल्लागार म्हणून ते नेमलेले होते, आणि आपली मुलाखती घेण्याची परवानगी त्यातूनच आली होती. नाहीतर तुम्हाला आत कुणी सोडलं असतं, काका? त्यांना यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. माझ्या मुलाखती मृण्मयीच्या प्रबंधातही वापरल्या जात होत्या, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. डेटा प्रोजेक्टचा असतो. तुमचं नाव आभारात येईल.

मी काय केलं? काही नाही. माझं काम जमा करायची तारीख जवळ आली होती. मी स्वतःला म्हटलं, सेमिनारला तज्ज्ञ येतील, तिथे बोलू. रीतसर. पुराव्यासह. मी रीतसर माणूस आहे.

आणि सेमिनारला काय झालं ते मी पहिल्या ओळीत लिहिलं आहे.

बाहेर व्हरांड्यात सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मनावर घेऊ नका, पॅनेलसमोर असं बोलावं लागतं, म्हणाले. तुमची डिग्री माझी जबाबदारी. मृण्मयी मागे उभी होती. तिने मला पाण्याची बाटली दिली. मी घेतली. बाटली उघडताना मला यार्डातल्या बायका आठवल्या आणि मी ती न पिता परत दिली. तिला वाटलं मी तिच्यावर रागावलो.

पुढचे काही दिवस मी माझ्याच मुलाखती पुन्हा वाचल्या. सरांनी शिकवलं होतं तसंच वाचल्या, शब्दाला शब्द. कुणी किती थांबून 'बरा हाय' म्हटलं, कुणी माझ्याकडे बघून म्हटलं, कुणी सरांकडे. मी तेव्हा हे सगळं टिपलं होतं. शांतता टिपायची असते, हे त्यांनीच शिकवलं होतं. मग मला त्यांचा दुसरा धडा आठवला. अर्थ दोन जणांनी वेगवेगळा लावायचा, आणि जुळला नाही तर तसं लिहायचं. माझा आणि सरांचा अर्थ पहिल्याच दिवशी जुळला नव्हता. गाडीत. ते कुठेच लिहिलं गेलं नाही. माझ्या अर्थाला बायस म्हटलं आणि त्यांच्या अर्थाला पद्धत.

संशोधनाच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी एक बारीक ओळ असते. लेखकाचे या विषयात कोणतेही आर्थिक हितसंबंध नाहीत. अशा किती ओळी मी डिक्शनरी घेऊन वाचल्या होत्या. सरांचा लेख उघडला. आमच्याच यार्डावरचा. शेवटी ती ओळ होती.

मी त्यांच्यातला होतो म्हणून मला चपला बाहेर काढायला लावल्या. ते यार्डाचे होते. ते गाडीसकट आत गेले.

हे मला कळायला संशोधन शिकावं लागलं. त्यांनीच शिकवलं. आणि त्यांची अपेक्षा होती की मी ते सगळीकडे वापरीन, फक्त त्यांना सोडून.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. उभ्याउभ्याच सांगितलं, मला माझं कोडिंग बदलायचं आहे, उत्तरांना दिलेले आकडे. 'बरा हाय' हे समाधान नाही. ते उत्तर द्यायला नकार आहे. सगळे चार मी काढणार, आणि तसं संस्थेच्या संशोधन समितीला आणि कामगार कार्यालयाला लेखी कळवणार.

सरांचा आवाज तेव्हाही चढला नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

"चार कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"प्रत्येक पानावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे खोटा डेटा तुम्ही दिला, असं होईल. माझं काही जाणार नाही. तुमचं रजिस्ट्रेशन जाईल, यार्ड तुमच्यावर केस करेल, पेपरात नाव येईल. काका, वय बघा."

"मला काका म्हणू नका," मी म्हणालो. "मी तुमचा काका नाय."

नाय. तोंडातून तसंच निघालं. मास्तरांनी इतकी वर्षं दाबून ठेवलेलं. मी ते सुधारलं नाही.

सर म्हणाले की भावनेच्या भरात आहात, आठवडाभर विचार करा. मी ओळखपत्र गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी दिला. मुलाखती मागे घेण्याची विनंती समितीने फेटाळली. डेटा संस्थेचा आहे, असं कळवलं. मृण्मयीचा प्रबंध पुढे गेला. तिने फोन केला होता. मी उचलला नाही.

मी चांगुणाकडे गेलो. ओट्यावर बसलो. तिला सांगितलं की कामगारांच्या अर्जावर कामगार कार्यालयात सुनावणी आहे, तिथे मी उभा राहणार आहे. माझे आकडे खोटे आहेत, हे मीच सांगणार. संडासाचं सांगू का, तिचं नाव न घेता? ती तांदूळ निवडत होती.

"तुजा तू बग," ती म्हणाली. "माजा नाव घेऊ नको."

दादूस म्हणाली नाही. चहा विचारला नाही. मी उठलो तेव्हा सूप बाजूला ठेवून ती आत गेली.

कुणी मला माफ करेल म्हणून मी हे लिहीत नाही. हिरामण रस्त्यात भेटला तर मान हलवतो आणि पुढे जातो. अर्ज केलेल्यांपैकी काही जणांना ठेकेदाराने कामावर बोलावणं बंद केलं आहे. यार्डाच्या साहेबाने माझा अहवाल त्यांच्या तोंडावर मारला, तेव्हा त्यांची बाजू मोडली. ती मी मोडली. सरांनी हात धरला असेल, पण लिहिणारा हात माझा होता. मला फसवलं गेलं, हे खरं आहे. फसवलं गेलेल्या माणसाने पुढे दुसऱ्याला फसवलं, हेही तितकंच खरं आहे, आणि पहिल्याच्या आड दुसरं लपवण्याइतकं आयुष्य माझ्यापाशी उरलेलं नाही.

बायको घाबरली आहे. जावई म्हणतो, वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. विचारलं. वकील म्हणाला, आजारपणाचं कारण देऊन सुनावणी टाळता येईल. मला रक्तदाब आहे, कागद मिळेल.

कागद नको. मी जाणार आहे. यार्डाचा वकील मला उलटं विचारेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. तुम्ही स्वतःच्या सहीने खोटे आकडे दिले, हे कबूल आहे का? कबूल आहे. मग तुमच्या शब्दावर आज विश्वास का ठेवायचा? ठेवू नका. बाहेर बायका उभ्या आहेत. ज्यांची नोकरी धोक्यात येणार नाही असं लिहून द्याल, त्यांना आत बोलवा, सगळे जण बाजूला व्हा, आणि त्यांना विचारा. विचारल्यावर गप्प बसा. त्या बोलतील तो शब्द लिहा.

आणि आकडे खोटे करायला तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं, तर मी सरांचं नाव घेईन. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. नाही विचारलं तरी घेईन.

लिहून घ्या, म्हणेन.